तुमच्या चार काड्या, माझ्या दोन

गेल्या वेळी राउटर कुठे ठेवावा यावर लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच सूर होता: अमक्याच्या फोनला रेंज येते, माझ्याच फोनला काय धाड भरलीये? सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून इतरांच्याही शंका ज्यांत येऊन जातील असे सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: नवरा आणि मी एकाच कंपनीचं सिम वापरतो. एकाच सोफ्यावर बसलो तरी त्याच्या फोनवर चार काड्या दिसतात, माझ्या फोनवर दोन. माझा फोन नवा आहे. फसले का मी?

काड्यांवरून तरी तसं म्हणता येणार नाही. काडी हे माप नाहीच. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या याचा सर्वमान्य नियम नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रेषा आखते आणि एखाद्या अपडेटमध्ये ती गुपचूप सरकवतेही.

२०१० साली आयफोन ४ आला तेव्हा त्याची डावीकडची खालची कड हाताने झाकली की काड्या धडाधड कोसळायच्या. बोभाटा झाल्यावर ॲपलने जुलै महिन्यात जाहीर पत्र काढून कबूल केलं, की काड्या ठरवण्याचं सूत्रच चुकलं होतं आणि कित्येकदा हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दिसत होत्या. हातामुळे सिग्नल पडत होता हे खरंच. पण आधी फुगवलेल्या काड्यांमुळे ती पडझड आणखी भयंकर दिसली. मग अपडेट आलं आणि कव्हरं फुकट वाटली गेली.

तेव्हा काड्या सोडा, आकडा पाहा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत ‘सिम स्टेटस’ सापडतं, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिलेली असते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरकस. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे १०० म्हणजे त्या मिलिवॉटचा एक हजार कोटीवा भाग, आणि एवढ्याशा शिदोरीवर फोन व्यवस्थित चालतो! ३ चा फरक म्हणजे दुप्पट, १० चा म्हणजे दहापट, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे लिहिताना माझ्या टेबलावर दोन फोन पडलेत. एकावर तीन काड्या आणि उणे ९८. दुसऱ्यावर दोन काड्या आणि उणे ९६. म्हणजे ज्याच्या काड्या कमी, त्याला सिग्नल दीडपटीहून जास्त मिळतोय.

प्रश्न: आकडेच पाहिले. एका ॲपमध्ये माझ्या फोनवर उणे ७१, मित्राच्या फोनवर दुसऱ्या ॲपमध्ये उणे १०१. दोघांना ४जी, सिम एकाच कंपनीचं, टेबलही एकच. तीसचा फरक म्हणजे हजारपट! त्याचा फोन दुरुस्तीला टाकायचा का?

थांबा, स्क्रू उघडू नका. तुम्ही बहुधा दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात.

४जीचा सिग्नल म्हणजे एकच लहर नव्हे. शेजारी शेजारी उभ्या शेकडो बारीक लहरींचा तो ताफा असतो. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा १२०० लहरी असतात, १० मेगाहर्ट्झमध्ये ६००. आरएसएसआय नावाचं माप त्या पट्ट्यात जे काही ऐकू येतं त्या सगळ्याची बेरीज करतं: तुमचा टॉवर, शेजारचा टॉवर, खरखर, सगळंच. आरएसआरपी मात्र त्यातल्या संदर्भासाठी पाठवलेल्या एका लहरीची सरासरी ताकद सांगतं. एकाने अख्ख्या भजनी मंडळाचा आवाज मोजला, दुसऱ्याने त्यातल्या एकाच गायकाचा. १२०० लहरींचा हिशेब केला तर दोन आकड्यांत सुमारे ३१ चा फरक नुसत्या मोजण्याच्या पद्धतीमुळे पडू शकतो. तुमचा तीस तिथेच जिरला.

दोन्ही फोनांवर आरएसआरपी पाहा. ढोबळमानाने उणे ८५ च्या वर उत्तम, उणे १०० पर्यंत निवांत, उणे ११० च्या खाली धाप लागते आणि उणे १२० च्या आसपास कॉल तुटायला टेकतो. त्यासोबत एसआयएनआरही बघा. गोंगाटाच्या तुलनेत आवाज किती, हे तो सांगतो. नेटचा वेग ताकदीपेक्षा यावर जास्त अवलंबून असतो. भर गर्दीच्या ठिकाणी उणे ८० असूनही नेट रखडतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

आता तुलना कशी करायची ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन सिम नकोत, एकच सिम आलटून पालटून दोन्ही फोनांत घाला. दोन्ही फोन एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर आहेत ना, हे तपासा. एक ८०० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा २३०० वर असेल तर तुम्ही फोनची नव्हे, बँडचीच तुलना करताय. मग फोन टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना खातात. त्यामुळे फोन चार बोटं सरकवला तरी आकडा दहाने हलू शकतो. जागा थोडी थोडी बदलत वीसेक आकडे टिपा आणि सरासरी काढा. तीन-चारपर्यंतच्या फरकाकडे मी तरी ढुंकूनही बघत नाही.

प्रश्न: घरात वायफाय उणे ७४ आणि मोबाइलची रेंज उणे १०४ दाखवते. म्हणजे वायफाय कितीतरी सरस. तरी वायफायवर व्हिडिओ अडकतो आणि मोबाइल डेटावर सुरळीत चालतो. हे कसं?

या वेळचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. दोन्हीकडे डीबीएमच लिहिलेलं असतं, म्हणून माणूस सरळ वजाबाकी करतो. पण वायफायचा आकडा अख्ख्या चॅनेलचा, म्हणजे राउटर वापरतो त्या पूर्ण पट्ट्याचा, आणि मोबाइलचा आरएसआरपी १५ किलोहर्ट्झच्या एका लहरीचा. पट्टा जितका रुंद, तितकी त्यात खरखरही जास्त भरते. २० मेगाहर्ट्झच्या वायफाय चॅनेलमध्ये उष्णतेमुळे येणारी खरखर सुमारे उणे १०१ असते. रिसीव्हरची स्वतःची खरखर मिळवली की ती उणे ९५ च्या आसपास येते. चॅनेल ८० मेगाहर्ट्झचं केलं तर आणखी सहाने वर. म्हणजे तुमचा उणे ७४ हा खरखरीच्या १५ ते २० नेच वर उरला. १५ किलोहर्ट्झच्या लहरीत मात्र उष्णतेची खरखर उणे १३२ इतकी खाली असते. रिसीव्हरची धरली तरी उणे १०४ त्यापेक्षा वीसहून जास्त वर. पाण्याची खोली चौदा फूट असो की चाळीस, डोकं पाण्याच्या किती वर आहे ते महत्त्वाचं.

शिवाय वायफायची हवा कुणाच्या मालकीची नाही. आजूबाजूचे सगळे राउटर त्याच चॅनेलवर असले, तर प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं लागतं. ताकद भरपूर असली तरी पाळीच लवकर येत नाही. मोबाइलच्या लहरींचं वेळापत्रक टॉवर स्वतः ठरवतो.

आणि फोन दुबळ्या वायफायला चिकटून बसतात ते वेगळंच. घरात दोन राउटर असले तरी आयफोन साधारण उणे ७० च्या खाली घसरल्याशिवाय दुसरा शोधायला निघत नाही. अँड्रॉइडमध्ये ही सीमा फोनागणिक बदलते. म्हणून शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन कधी वेगवेगळ्या राउटरवर असतात आणि आपण ‘याचं वायफाय बेकार’ म्हणून मोकळे होतो.

प्रश्न: मागच्या खोलीत जुन्या फोनला वायफाय मिळतं, नव्याला नाही.

जुना फोन २.४ गिगाहर्ट्झवर असणार आणि नवा ५ वर. राउटरच्या या दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असलं की कोण कुठे जोडलंय हे कळत नाही. मोकळ्या हवेतच या दोघांत सुमारे सातचा फरक पडतो आणि मधल्या भिंती त्यात भर घालतात. दोन बँडना वेगळी नावं द्या, नव्या फोनला त्या खोलीपुरतं २.४ वर आणा आणि मगच फोनला नावं ठेवा.

प्रश्न: माझ्या फोनवर रेंज ठीक दिसते, समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण त्याला माझं बोलणं तुटक ऐकू जातं. भावाच्या फोनवरून बोलल्यास असं होत नाही.

पडद्यावरचा आकडा म्हणजे तुमच्या फोनला काय ऐकू येतं तो. तुमच्या फोनचं टॉवरला काय ऐकू जातं, ते तो सांगत नाही. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. ४जीवर बहुतेक फोनांची कमाल ताकद मात्र २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॉट. कडेला गेल्यावर आधी फोनचाच आवाज पोचेनासा होतो. त्यातही अँटेना फोनच्या सांगाड्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे आणि बोलताना तो तळहाताखाली किंवा गालाला चिकटून येतो का, यावर बरंच ठरतं, कारण हात आणि डोकं मिळून दहाच्या वर डेसिबल (डीबीएमच्या दोन आकड्यांतला फरक मोजायचं एकक) सहज गिळतात. कारखाने हे मोजतात ते स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेल्या, लहर परत न फेकणाऱ्या खोलीत. फोन किती ताकद बाहेर टाकतो आणि किती मंद सिग्नल ऐकू शकतो, हे दोन आकडे तिथे वेगवेगळे निघतात. एकात पहिला आलेला फोन दुसऱ्यात मागे असू शकतो. भावाच्या आणि तुमच्या फोनमध्ये बहुधा हाच फरक आहे.

आधी मात्र तळाशी असलेलं माइकचं भोक कव्हरने किंवा धुळीने बुजलं नाही ना ते बघा. निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं. नसेल तर फोन खालच्या टोकाऐवजी मधोमध धरून पाहा. घरी वायफाय कॉलिंग सुरू करा, मग टॉवरपर्यंत ओरडायची गरजच उरत नाही. गेम खेळताना आडवा फोन दोन्ही तळहातांत धरणाऱ्यांनाही हेच लागू: अँटेना बहुधा त्याच दोन टोकांना असतात.

प्रश्न: कमी रेंजच्या भागात राहतो. फोन घेताना काय बघू? आणि मागे चिकटवायच्या अँटेना-स्टिकरचा उपयोग होतो का?

आधी बँडची यादी. तुमच्या कंपनीचा टॉवर ज्या खालच्या बँडवर, म्हणजे ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर बोलतो, तो बँडच फोनला येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. ही यादी मॉडेलच्या पूर्ण क्रमांकावरून शोधा, नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या फोनात आत वेगळा मॉडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप, असू शकतो; २०१६ च्या आयफोन ७ मध्ये काहींत क्वालकॉमचा होता, काहींत इंटेलचा. त्यानंतर चार अँटेनांनी ऐकणारा फोन मिळाला तर तो घ्या. मात्र खालच्या बँडच्या लहरी लांब असल्यामुळे तिथे चार अँटेना फोनात क्वचितच मावतात, त्यामुळे फायदा मुख्यतः वरच्या बँडवर दिसेल. धातूचं कव्हर नको. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी मागे लावतात ती लोखंडी चकतीही काढून ठेवा.

स्टिकर मी एकदा नखाने सोलून पाहिला होता. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये सोनेरी नक्षी, आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. लावण्याआधी उणे १०३, लावल्यावर उणे १०३.