'इफ आय वॉज यू' बरोबर की 'इफ आय वेअर यू'? आणि जर-तरच्या वाक्यात 'वुड' नक्की कुठे येतं?

लिहिताना 'वेअर'च लिहा. बोलताना 'वॉज' चालतं, खुद्द इंग्रजही बोलतात. खरा घोळ 'वुड'चा आहे आणि त्यावरून आमच्या कोथरूडच्या घरात अजून वाद आहे.

पुतणी दहावीला होती. गहुंजेला पाऊस पडला असता तर मॅच रद्द झाली असती, हे वाक्य तिनं सरावाला घेतलं आणि लिहिलं, 'इफ इट हॅड रेन्ड, द मॅच वुड हॅव बीन कॅन्सल्ड.' अगदी बरोबर. भाऊजींनी 'हॅड' खोडून तिथेही 'वुड हॅव' केलं. मी म्हटलं, भाऊजी, मूळचंच बरोबर होतं. तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मराठी माध्यमाच्या. हे कानाला कळावं लागतं." पोरीनं परीक्षेत त्यांचं ऐकून तसंच लिहिलं आणि मार्क गेला. भाऊजींच्या मते बाईंनाच येत नाही!

कान काय सांगणार? त्यांचाही कान मराठीच. आपण 'पडला असता तर झाली असती' म्हणतो, दोन्हीकडे 'असता'. म्हणून कॉन्व्हेंटात शिकलेलेही दोन्हीकडे 'वुड' घालतात. शिवाय 'माहीत असतं तर सांगितलं असतं' हे आपण आजबद्दलही म्हणतो आणि कालबद्दलही. इंग्रजीत निवडावं लागतं. आजचं असेल तर 'इफ आय न्यू, आय वुड टेल यू'. होऊन गेलेलं असेल तर 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. 'इफ'च्या बाजूला काळ एक पायरी मागे जातो, 'वुड' दुसऱ्या बाजूला. आमच्या शाळेत बाई मराठी वाक्य शेजारी लिहूनच हे शिकवायच्या, म्हणून ते पक्कं बसलं. मराठी माध्यमवाल्यांना व्याकरण येत नाही, हे मला कोणी सांगू नये. तुम्हीही आधी मराठी वाक्य लिहा, ते आजचं की कालचं ते ठरवा, मगच इंग्रजीकडे वळा.

हां, विनंती करताना किंवा कोणाची तयारी विचारताना 'इफ यू वुड वेट हिअर' चालतं. पावसाला कोणी विनंती करत नाही, त्यामुळे भाऊजींच्या वाक्याला ही सवलत नाही. अमेरिकेत बोलताना 'इफ आय वुड हॅव नोन' ऐकू येतं हेही खरं, पण ते पेपरात लिहू नका.