कूस बदलल्यावर येणारी गिरकी आणि गळ्यातली कॉलर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६४ वर्षांच्या. दोन महिन्यांपासून चक्कर. रात्री उजव्या कुशीवर वळल्या की खोली गरगरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली तेव्हाही एकदा झालं. एक्स-रेमध्ये 'मणक्यांत गॅप' निघाली म्हणून गळ्यात कॉलर आणि दिवसातून तीनदा चक्करेची गोळी, पण फरक शून्य. भीतीने त्या आता रात्री खुर्चीत बसून झोपतात. तुम्ही विचारलंय, हे मानेचंच आहे का, एमआरआय करावा का, आणि व्हिडिओत दाखवतात तो डोकं वळवायचा प्रकार घरी करून घेतला तर चालेल का.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, ओपीडीत बसून वीसेक वर्षं झाली. न तपासता निदान सांगू नये हे खरं. पण तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींतच ते जवळजवळ पूर्ण आहे. हा बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टायगो (डोक्याची स्थिती बदलली की अचानक येणारी, जिवाला धोका नसलेली गिरकी), आणि तोही उजव्या कानाचा. एमआरआय आत्ता नको. आधी एक तपासणी करून घ्या. तिला पाच मिनिटं आणि एक साधा पलंग लागतो.

आपल्याकडे 'चक्कर' या एकाच शब्दात बरंच काही कोंबलेलं असतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, चालताना झोक गेला तरी चक्कर, डोकं हलकं वाटलं तरी चक्कर आणि खोली गरगर फिरली तरी चक्करच. त्यात पेशंट सकाळी एक शब्द सांगतो आणि संध्याकाळी दुसरा. म्हणून मी हल्ली 'कसं वाटतं' यावर फार वेळ घालवत नाही. 'काय केलं की येते' आणि 'किती वेळ टिकते' हे दोनच प्रश्न घोळवून घोळवून विचारतो. काही सेकंदांची आणि डोकं हलवल्यावरच येणारी गिरकी असेल, तर बीपीपीव्ही. तासन् तास टिकणारी आणि सोबत कान भरल्यासारखा वाटून ऐकू कमी येत असेल, तर मेनियर हा आतल्या कानाचा आजार. एकदा सुरू झाली की दिवसरात्र थांबतच नाही, अशी असेल तर तोलाच्या नसेची सूज किंवा मग मेंदू. अर्धशिशीचीही चक्कर असते आणि तिला वेळेचं काही बंधन नाही.

'चक्कर आली म्हणजे बीपी लो झालं' हेही घरोघरी ऐकू येतं. बीपी उतरून येणारी अंधारी उभं राहताना येते आणि आडवं झाल्यावर जाते. तुमच्या आईंना ती आडवं असतानाच येते.

आता मान. साठीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. केस पांढरे व्हावेत तसंच ते. अंथरुणात कूस बदलताना मान आणि धड एकदमच वळतात, मानेला वेगळा पीळ असा पडत नाही. तरीही गिरकी येते, कारण डोक्याची जमिनीच्या संदर्भातली दिशा बदललेली असते. उलट खुर्चीत ताठ बसून त्यांना फक्त डावी-उजवीकडे बघायला सांगा. मानेला भरपूर पीळ पडेल, गिरकी मात्र बहुतेक येणार नाही. हा प्रयोग तुम्ही आज घरी करू शकता. दोन महिने गळ्यात कॉलर म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बरं, कॉलरमुळे डोकं जखडलं जातं, त्यामुळे गिरकी थोडी कमी येते, आणि मग सगळ्यांना वाटतं की मानेचंच होतं!

कानात नक्की काय बिघडतं ते सांगतो. ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारं यंत्र असतं. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आणि त्यांच्या बुडाशी युट्रिकल नावाची पिशवी. या पिशवीतल्या जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकटलेले असतात. एकेक कण साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. वयामुळे, डोक्याला मार लागल्यावर, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यावर, किंवा पुष्कळदा काहीच कारण न दिसता हे कण सुटतात आणि नलिकेत घरंगळतात. मागची नलिका सगळ्यात खाली लोंबते, म्हणून बहुतेकदा तिच्यातच. डोकं कलतं केलं की कण खाली सरकतात, सोबत द्रव ओढतात आणि मेंदूला निरोप जातो की डोकं फिरतंय. दुसरा कान म्हणतो फिरत नाही. या भांडणाचं नाव गिरकी. कण तळाला बसले की भांडण मिटतं, म्हणून ती अर्ध्या मिनिटात थांबते.

तपासणीचं नाव डिक्स-हॉलपाइक. डिक्स आणि हॉलपाइक या दोन डॉक्टरांनी ती १९५२ मध्ये मांडली. पेशंटला पलंगावर पाय पसरून बसवायचं, डोकं संशय असलेल्या बाजूला ४५ अंश वळवायचं आणि तसंच धरून झटकन मागे आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर जरा खाली राहील असं. डोळे उघडे. मग वाट बघायची. पहिले तीन-चार सेकंद काहीच होत नाही, नातेवाईक माझ्याकडे 'हं, मग?' अशा नजरेने बघत असतात. आणि एकदम बुबुळ नाचायला लागतं. कपाळाच्या दिशेने उसळी, आणि सोबत खालच्या कानाकडे पीळ, घड्याळाचा काटा अडकून पुन्हा पुन्हा तीच टिकटिक करत राहावा तसं. पेशंट माझं मनगट आवळून धरतो. वीस-तीस सेकंदांत ते मंदावतं आणि थांबतं. बसतं केलं की थोडं उलट दिशेने होतं. हे एवढं दिसलं की निदान पक्कं, स्कॅनची गरज नाही. एमआरआयमध्ये हे कण दिसतही नाहीत. मात्र गोळी चालू असताना डोळ्यांची हालचाल दबू शकते, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते तपासणीआधी सांगा.

तिथल्या तिथे उपचारही करता येतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडमधले जॉन एप्ली यांनी तो शोधला. डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेतून परत पिशवीत सोडायचे, इतकी साधी कल्पना. साधी होती म्हणूनच की काय, सहकाऱ्यांनी ती बरीच वर्षं हसण्यावारी नेली. त्यांचा मूळ लेख छापून आला १९९२ मध्ये. डिक्स-हॉलपाइकच्या स्थितीतच अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग डोकं हळूच ९० अंश विरुद्ध बाजूला, पुन्हा थांबायचं, मग त्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं, आणि शेवटी उठून बसायचं. एका बैठकीत साधारण दहातल्या आठ जणांना आराम पडतो. उरलेल्यांना आठवड्याने पुन्हा करतो. 'नंतर दोन रात्री बसून झोपा' असं पूर्वी सांगायचो, मीही सांगायचो. त्याने काही फरक पडत नाही असं पुढे अभ्यासांतून दिसलं, आता सांगत नाही. एक-दोन दिवस गादीवरून चालल्यासारखं वाटतं, तेवढे दिवस बाथरूमला जाताना सोबत कुणीतरी असू द्या. या वयात मला गिरकीपेक्षा पडून खुबा मोडण्याची भीती जास्त वाटते.

व्हिडिओ बघून घरी करायचं का? पहिल्यांदा नको. कान चुकला तर फुकटची उलटी. कण मागच्याऐवजी आडव्या नलिकेत असतील तर या प्रकाराचा उपयोग नाही, तिची वेगळी पद्धत आहे. शिवाय मानेचा खरंच गंभीर आजार, संधिवाताने सैल झालेली मान किंवा नुकतंच झालेलं डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन असेल, तर मान मागे न टाकता कुशीवर झोपवून करायची पद्धत वापरतो. एकदा डॉक्टरांनी करून दाखवलं, कान कुठला ते कळलं, की पुढच्या वेळी घरी करायला माझी हरकत नसते. पुढची वेळ येऊ शकते. पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणांना हे पुन्हा होतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं असं २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, म्हणून ती रक्ततपासणी मी सांगतो.

गोळ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. कुठलीही गोळी हे कण हलवत नाही. बीटाहिस्टिन मुळात मेनियरसाठी. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन उलटी-मळमळ फार असेल तेव्हा दोन-चार दिवस ठीक, पण महिनोन् महिने चालू राहिल्या तर मेंदूची तोल जुळवून घेण्याची प्रक्रिया मंदावते आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल आखडणं अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. गोळी कंपवाताची लक्षणं आणते आणि मग त्यांवर दुसरी गोळी सुरू होते, असे पेशंट मी पाहिलेत. आईंच्या गोळीचं नाव बघा आणि ती कशी बंद करायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून तडक इमर्जन्सीत जायचं: गरगरणं थांबतच नाही आणि आधाराशिवाय बसताही येत नाही, एकाचे दोन दिसतात, बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो, चेहरा किंवा हातपाय बधिर होतो, कधी नव्हे इतकं डोकं दुखतं. अशा वेळी पहिल्या चोवीस-अठ्ठेचाळीस तासांतला एमआरआय नॉर्मल आला तरी स्ट्रोक असू शकतो, म्हणून तो रिपोर्ट दाखवून घरी पाठवत असतील तर पुन्हा विचारा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी आमच्याकडे या, स्टेरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

आईंना एक सांगा. लोकांना हे वर्षानुवर्षं समजावणारा मी, एका पहाटे कूस बदलली आणि पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडून राहिलो. सगळं माहीत असून पहिला विचार स्ट्रोकचाच आला. तेव्हा त्या घाबरून रात्रभर खुर्चीत बसून झोपतात, यात त्यांचं काही चुकत नाही. पण गिरकी टाळायला डोकं जितकं जखडून ठेवतील तितका तोल आणखी बिघडेल.

आता एवढंच करा. पुढच्या वेळी गिरकी आली की त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगा आणि फोन जवळ धरून दोन्ही डोळ्यांचा व्हिडिओ काढा, खोलीत दिवा लावून. कुठल्या कुशीवर होत्या ते बोलून त्यातच रेकॉर्ड करा. तो घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, आणि पलंगावर झोपवून डोळे तपासणार ना, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.