१९५०-६०च्या दशकातले अमेरिकन डिशवॉशर इतके दणकट कसे बनवत? असा जुना, चालू डिशवॉशर आज घ्यावा का?

पत्रा जाड होता म्हणून टिकले, असं जो तो सांगतो. मला ते पटत नाही. त्याच काळातले जाड पत्र्याचे कितीतरी डिशवॉशर कधीच भंगारात गेले, आणि गेले तेच बरं झालं.

तेव्हा मुख्यतः दोन जाती होत्या. जनरल इलेक्ट्रिक, हॉटपॉइंट, वेस्टिंगहाउस यांच्या बऱ्याच मॉडेलांत टाकीच्या तळाशी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चक्र, असे. तो गरगर फिरून साचलेलं पाणी भांड्यांवर उडवायचा. पुढच्या ताटावर पाणी आपटे, मागच्या वाटीचं नशीब तिच्यापाशी. दुसरी जात पंपाची. यात पाणी दाबाने फिरत्या वॉश आर्ममधून, म्हणजे भोकं पाडलेल्या दांड्यातून, सुटतं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. ही मुळात हॉटेलच्या यंत्रांची पद्धत. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईने १८८६ साली डिशवॉशरचं पेटंट घेतलं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं होती आणि तिचं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं. १९२६ मध्ये तिची कंपनी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या होबार्टकडे गेली आणि १९४९ मध्ये होबार्टने किचनएड या नावाने घरगुती डिशवॉशर आणला. दिवसभर राबणारी यंत्रं बनवायची ज्यांना सवय, त्यांनी घरच्यासाठीही तसंच बनवलं.

हे एवढं ठासून सांगते, कारण असा एक किचनएड माझ्या स्वयंपाकघरात आहे.

आम्ही इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनजवळ घर घेतलं तेव्हा तो ओट्याखाली होता. आधीच्या मालकीणबाई एकट्या राहायच्या, त्यांनी तो कित्येक वर्षं लावलाच नव्हता. नवीन मशीनचं माप घ्यायला आलेल्या माणसाने दार उघडलं, नळ सोडला, खालून पाणी ठिबकताना पाहिलं आणि म्हणाला, फेकून द्या. माझे दीर तेव्हा आमच्याकडेच होते. त्यांनी लगेच मान डोलावली. "वहिनी, जुनं ते सोनं फक्त बोलायला. याला कोण हात लावणार?"

मी लावणार होते. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी पंपांची, आणि वडील किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात होते. पंप गळतो म्हणजे पंप मेला, हे आमच्या घरात कोणी ऐकून घेणार नाही. खालची पत्र्याची पट्टी स्क्रू काढल्यावर हातात आली. आत वायरिंगचा नकाशा घडी घालून ठेवलेला, कागद पिवळा पडलेला पण रेघ न् रेघ वाचता येणारी. मोटर आणि पंप समोरच. शाफ्टपाशी पाणी अडवणाऱ्या सीलचं रबर वर्षानुवर्षं कोरडं राहून कडक झालं होतं, नखाने दाबलं तर कडेला चिरा दिसत. बाकी सगळं शाबूत. जुने सुटे भाग विकणाऱ्याकडून सील मागवलं, बसवलं, गळती थांबली.

हे आहे दणकटपणाचं कारण. झिजणारा भाग झिजणार हे गृहीत धरून तो बाहेर काढायची वाट ठेवलेली होती. टायमर म्हणजे एक छोटी मोटर आणि दातेरी चकत्यांवर उघडझाप करणारे संपर्क. काय बिघडलं ते डोळ्यांनी दिसतं. आजच्या मशीनचा सर्किट बोर्ड गेला की आख्खा बोर्ड बदला, नाहीतर मशीन बदला. मोठी गळती लागली तर तंत्रज्ञही दुरुस्तीपेक्षा नव्याची किंमत आधी सांगतो.

पुढे काही दिवस ग्लासांवर पांढरा थर यायचा, आणि भाऊजींना आयता मुद्दा मिळाला. पण ते खापरही मशीनवर फोडता येत नाही. त्या काळचे डिशवॉशर १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियस, पाणी येईल असं धरून बनवलेले. आमचा वॉटर हीटर १२० वर होता. त्यात या भागातलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि २०१० मध्ये अनेक राज्यांनी बंदी घातल्यावर डिटर्जंटमधला, क्षार भांड्यांवर बसू न देणारा फॉस्फेट गेला. हीटर वाढवला, मशीन लावण्याआधी सिंकचा गरम नळ चटका बसेपर्यंत सोडायला लागले, आणि सायट्रिक ॲसिडने एकदा आतला क्षार काढला. ग्लास लखलखीत.

आता टाकीबद्दल. पोलादावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सियसला वितळवून चढवलेलं पोर्सिलेन इनॅमल. आपल्याकडच्या स्वयंपाकासाठी याला तोड नाही. आमटीचं पातेलं, हळदीचा हात लागलेला डाव, काहीही घाला, पुसलं की आतून पांढरं शुभ्र. भाऊजींच्या नव्या मशीनची प्लॅस्टिकची टाकी वर्षाच्या आत पिवळी झाली. ते हे वाचतीलच, वाचू देत.

नव्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती पाण्याची. जुनं मशीन एका वेळेला दहा गॅलन किंवा त्याहून जास्त पाणी घेतं. २०१३ पासून इथल्या कायद्याने नव्या पूर्ण आकाराच्या मशीनला पाचाची मर्यादा आहे. शिवाय आवाज. ते चालू असताना स्वयंपाकघरात फोनवर बोलता येत नाही.

तर, घ्यावा का? पंपाचा असेल तर घ्या, इम्पेलरचा शोभेला ठेवा. टाकीच्या कोपऱ्यात इनॅमलचा टवका उडालाय का ते बॅटरी घेऊन बघा. तिथून गंज आत शिरला असेल तर सोडून द्या. अर्थिंग आणि वायरचं आवरण इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय प्लग लावू नका. जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते हाताने सोलत बसू नका. घरात लहान मुलं असतील तर १४० अंशांचं पाणी नळालाही येणार हे लक्षात ठेवा, गरम पाण्यात थंड मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या.

आणि तुम्ही तो पुण्याला न्यायचा विचार करत असाल तर नका नेऊ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येईल, विजेची फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या हिशोबाने बनवलेली मोटर भारतातल्या ५० वर सावकाश फिरेल, तापेल, पंपाचा दाब पडेल आणि टायमरही मागे पडेल.