तरणा कोंबडा आणि धास्तावलेल्या कोंबड्या

प्रश्न : आमचा 5 महिन्यांचा कोंबडा 4 तलंगांना (तरण्या कोंबड्यांना) दिवसभर पिटाळतो आणि त्यांच्या मानगुटीची पिसे उपटतो. त्या आता खुराड्याबाहेर येईनाशा झाल्या आहेत. काय करावे?

उत्तर : आधी प्रत्येक तलंग हातात घेऊन तिचे पंख उचलून पाहावे, कारण कोंबडा पाठीवर चढताना त्याच्या नखांनी बगलेखाली पडलेली चीर पिसांत झाकली जाते आणि रक्त दिसताच इतर कोंबड्याही तिथेच टोचू लागतात. अशी जखमी तलंग बरी होईपर्यंत वेगळी ठेवावी.

कोंबडा नुकताच वयात आला आहे. त्याला जोर आहे, रीत अजून आलेली नाही. त्याला काही आठवडे शेजारीच, पण जाळीपलीकडे ठेवावे, म्हणजे कळपाशी त्याची ओळख तुटत नाही आणि तलंगांना निवांत खाता येते. पुढे त्याला वयाने मोठ्या, खमक्या कोंबड्यांत सोडावे. त्या चोच मारून त्याला वठणीवर आणतात, आणि हे काम माणसाला तितके साधत नाही. एका कोंबड्यामागे साधारण 8 ते 10 कोंबड्या असाव्यात. 4 फारच कमी आहेत. वर्षभराचा होऊनही तो जखमा करीत राहिला, तर त्याला कायमचे वेगळे करावे.