ऑक्युपेशनल थेरपीचे जनक कोण, बार्टन की डंटन? आणि भारतात ती कोणी आणली?

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं आणि हस्तकला करून घेत रुग्णाला पुन्हा उभं करायची उपचारपद्धती. परीक्षेत एकच नाव हवं असेल तर डंटन लिहा, ‘जनक’ बहुतेक त्यांनाच म्हणतात. पण एका माणसाचं हे काम नाही, म्हणूनच पुस्तकागणिक नाव बदलतं.

१५ ते १७ मार्च १९१७ या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी सहा जण जमले आणि त्यांनी या उपचारपद्धतीची राष्ट्रीय संस्था स्थापली. बैठकीचं घर होतं जॉर्ज बार्टन यांचं, ‘कन्सोलेशन हाऊस’. बार्टन डॉक्टर नव्हतेच, वास्तुविशारद होते. क्षयाने पोखरलेले, पायावर शस्त्रक्रिया झालेली, त्यातच डावी बाजू लुळी पडली. सुतारकाम आणि बागकाम करत ते पुन्हा उभे राहिले. म्हणजे संस्थेचा पहिला अध्यक्षच पेशंट! ‘ऑक्युपेशनल थेरपी’ हे नाव त्यांनीच रुळवलं, डंटन ‘ऑक्युपेशन थेरपी’ म्हणत.

विल्यम रश डंटन मनोविकारतज्ज्ञ. बाकीचे चौघे म्हणजे एलेनॉर क्लार्क स्लेगल, सुझन कॉक्स जॉन्सन, कॅनडातून आलेले थॉमस किडनर आणि बार्टन यांच्या सचिव इझाबेल न्यूटन (पुढे त्यांच्या पत्नी). परीक्षेत इथेच फसगत होते: सुझन ट्रेसी यांचं नाव संस्थापकांत घेतात, पण त्या बैठकीला नव्हत्या. बोलावणं होतं, येणं जमलं नाही. रुग्णांना द्यायच्या कामांवरचं या नर्सबाईंचं पुस्तक मात्र १९१० सालीच आलं होतं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात भरीव काम स्लेगलबाईंचं. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात पडून असलेल्यांना उठणं, धुणं, कपडे घालणं, जेवणं, काम, खेळ, विश्रांती असा दिवसभराचा क्रम लावून सवयी परत बसवायच्या, ही त्यांची पद्धत. म्हणून ‘ही फिजिओथेरपीचीच फांदी’ हा समज चुकीचा. मूळ मनोरुग्णालयात आहे, सांधे आणि स्नायू पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे ठळक झाले.

तेव्हाचं आवडतं साधन हातमाग. हात खांद्यातून वर न्यायचा तर माग उंच करायचा, जोर वाढवायचा तर ठोकणाऱ्या फणीला वजन बांधायचं. वजन एकदम वाढवलं की रुग्ण खांदा कानाशी नेतो, कमरेतून झुकतो. कापड विणलं जातं, खांदा तिथेच राहतो. अशा वेळी वजन कमी करून हालचाल आधी सुधारायची.

भारतात ही शाखा आणली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारतही होता. मराठीत अधिकृत शब्द ‘व्यवसायोपचार’, पण वॉर्डात सगळे ‘ओटी’च म्हणतात, आणि नातेवाईक ऑपरेशन थिएटर समजून घाबरतात. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा याच बाईंच्या नावाची.