२६/११च्या वेळी वृत्तवाहिन्यांवर एवढी टीका झाली, ती योग्य होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २६/११च्या हल्ल्यात वाहिन्यांनी सगळं थेट दाखवलं, त्याचा अतिरेक्यांना फायदा झाला असं तुम्ही ऐकत आलात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मग तीन दिवस लोकांना अंधारात ठेवायला हवं होतं का?

टीका खरी आहे. पण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. मी त्या वेळी कोल्हापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो, रात्रपाळीला. ते तीन-चार दिवस एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला वृत्तसंस्थेच्या बातम्या आणि मधे सतत वाजणारा फोन, अशा अवस्थेत गेले. तिथून जे दिसलं त्यावरून माझं ठाम मत झालंय की लोकांना जे तातडीनं हवं होतं ते पडद्यावर फार कमी होतं, आणि जे त्या घटकेला बाहेर जायलाच नको होतं ते अखंड चालू होतं.

२६ नोव्हेंबर २००८ला रात्री साडेनऊनंतर गोळीबाराच्या पहिल्या बातम्या आल्या, तेव्हा वाहिन्यांवर टोळीयुद्धाची शक्यता सांगितली जात होती. आमची डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांना जाणारा लवकरचा अंक, छपाईला जायच्या बेतात होती. थोड्याच वेळात लिओपोल्ड कॅफे, सीएसटी स्टेशन (म्हणजे जुनं व्हीटी), ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, कामा हॉस्पिटल अशी नावं एकामागून एक यायला लागली आणि हा प्रकार वेगळा आहे हे कळून चुकलं. तेव्हापासून फोन सुरू झाले. चंदगड, गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी, सगळीकडून. आपल्याकडच्या गावांत घरटी कुणीतरी मुंबईत असतंच. कुणी माथाडी, कुणी पोलिसात, कुणी हॉटेलात, कुणी पोर्ट ट्रस्टमध्ये. एक बाई परत परत एकच विचारत होत्या, "आवो, माझा पोरगा रातपाळीला व्हीटीलाच उतरतोय. तिथं नेमकं काय झालंय म्हणं?" महालक्ष्मी एक्स्प्रेस त्याच स्टेशनातून सुटते. तिची वेळ हल्ल्याच्या आधीची, हे आम्ही कितीतरी जणांना समजावून सांगितलं. तरी पोचवायला गेलेलं माणूस घरी परतलं का, ही काळजी राहतेच.

या लोकांना काय हवं होतं? जखमींना कुठल्या हॉस्पिटलात नेलंय, जे.जे. की सेंट जॉर्जेस की जी.टी.; यादी कुठं लागलीय; कुठल्या नंबरवर विचारायचं; लोकल चालू आहेत का. अशी माहिती पडद्यावर आलीच नाही असं मी म्हणणार नाही. खालच्या पट्टीत मधूनच सरकून जायची. बाकी सगळा पडदा ताजच्या घुमटाने व्यापला होता.

सीएसटीवर दोघांनी गोळीबार केला, त्यात पन्नासहून अधिक माणसं मेली. गाठोडी, ट्रंका घेऊन लांबच्या गाडीची वाट बघत बसलेली माणसं होती ती. त्या रात्री सर्वांत जास्त मृत्यू याच एका ठिकाणी झाले. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी काचेच्या केबिनमधून प्रवाशांना कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं हे सांगत राहून शेकडो जणांचा जीव वाचवला. पण कॅमेरे तिथं फार वेळ थांबले नाहीत. वाहिन्यांचं म्हणणं असं की सीएसटीवरचा प्रकार तासाभरात संपला आणि ताज, ओबेरॉय ही हॉटेलं आणि नरिमन हाउस हे ज्यूंचं केंद्र इथं ओलीस असल्यामुळे ते चालू राहिलं. हे कारण खोटं नाही. चालू असलेलं थेट दाखवता येतं, संपलेलं शोधून काढावं लागतं. त्यासाठी बातमीदाराला हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर उभं राहावं लागतं, नावं विचारावी लागतात, गाव विचारावं लागतं. ताजमध्ये कोण अडकलंय हे देशाला पहिल्या रात्रीच माहीत झालं. सीएसटीवर कोण गेलं हे कळायला फार वेळ लागला. उलट २८ तारखेला सीएसटीवर पुन्हा गोळीबार झाल्याची अफवा मात्र वाहिन्यांवरून झपाट्यानं पसरली आणि आमचे फोन परत वाजायला लागले.

आता जे दाखवायला नको होतं त्याबद्दल. २८ नोव्हेंबरच्या सकाळी एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे, कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरले. आत ओलीस होते. हे उतरणं संपूर्ण जगानं थेट बघितलं. आमच्या ऑफिसात दिवसपाळीची माणसं टीव्हीसमोर उभी होती. आमचे एक जुने मुद्रितशोधक, ज्यांचा भाऊ लष्करात होता, एकदम ओरडले, "अरे, हे दाखवायलेत कशाला? आतल्यांनी टीव्ही लावला असंल तर?" आतल्यांनी लावायचीही गरज नव्हती. त्यांचे सूत्रधार पाकिस्तानात टीव्हीसमोर बसून फोनवर त्यांना सूचना देत होते. ती संभाषणं भारतीय यंत्रणांनी टिपली आणि पुढे ती जाहीर झाली. त्यात बाहेर काय हालचाल चाललीय ते सांगणं तर आहेच. पण एका ठिकाणी ओबेरॉयमधल्या माणसाला, मीडिया तुमच्या कामगिरीची तुलना ९/११शी करतंय, असं सांगून शाबासकी दिली जाते. हे वाचल्यावर मला आमच्याच धंद्याची शिसारी आली. निवेदकानं जोरात बोलायचं म्हणून काढलेला शब्द तिकडे मारेकऱ्याला हुरूप द्यायला वापरला गेला.

हल्लेखोरांपैकी एकटा जिवंत सापडलेल्या कसाबची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ला कायम केली. त्या निकालपत्रात वाहिन्यांच्या भूमिकेवर स्वतंत्र मजकूर आहे. न्यायालयाचं म्हणणं असं: अतिरेकी कुठं आहेत, त्यांच्याकडे कुठली शस्त्रं आहेत हे आपल्या जवानांना दिसत नव्हतं, जवानांच्या जागा आणि हालचाली मात्र सीमेपलीकडे पडद्यावर दिसत होत्या. हीच दृश्यं कारवाई संपल्यावर दाखवता आली असती, पण मग टीआरपी तेवढा चढला नसता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली याचं समर्थन करता येणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. पण थेट प्रक्षेपणामुळेच एखादा जवान मेला का, हे ठरवता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. टीका करणारे हे वाक्य गाळतात. कारवाईत मारले गेलेले एनएसजीचे मेजर संदीप उन्नीकृष्णन किंवा हवालदार गजेंदर सिंग टीव्हीमुळे गेले असं जे सरसकट लिहिलं जातं, त्याला या निकालात आधार नाही. धोका निर्माण केला, हा दोष पुरेसा मोठा आहे.

आणि हा धोका जगाला माहीत नव्हता असंही नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं होतं, तेव्हा पोलीस इमारतीच्या छपरावर चढत होते ते टीव्हीवर दिसलं. ओलीस धरणारे खोलीत टीव्ही बघत होते. पोलिसांना माघार घ्यावी लागली. शेवटी ११ इस्रायली मारले गेले, त्याला पोलिसांच्या स्वतःच्या चुकाही तेवढ्याच कारणीभूत होत्या. म्हणजे ३६ वर्षं आधी धडा मिळालेला होता. आमच्यानंतरही तेच. २०१५च्या जानेवारीत पॅरिसमध्ये एका ज्यू दुकानात ओलीसनाट्य चालू असताना, खालच्या शीतगृहात काही गिऱ्हाइकं लपलीत ही माहिती एका वाहिनीनं चालू प्रक्षेपणात सांगून टाकली. ती माणसं वाचली आणि त्यांनी पुढे वाहिनीवर खटला भरला.

मग तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: अंधारात ठेवायचं होतं का? अजिबात नाही. यासाठी बेसलानचं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर २००४, रशियाच्या उत्तर ओसेतियातलं एक गाव, शाळेचा पहिला दिवस. मुलं, आईवडील, शिक्षक मिळून ११००हून जास्त माणसं अतिरेक्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत ओलीस म्हणून कोंडली होती. सरकारी आकडा मात्र सांगितला गेला ३५४. गावातल्या लोकांना आकडा खोटा आहे हे माहीत होतं, कारण घराघरातलं कुणीतरी आत होतं. वाचलेल्यांनी नंतर सांगितलं की हा आकडा टीव्हीवर ऐकून आतले अतिरेकी बिथरले आणि ओलिसांचे हाल वाढले. शेवटी एकूण ३३०हून अधिक माणसं मेली, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं. त्या दिवसांची विदारक छायाचित्रं छापणाऱ्या 'इझ्वेस्तिया' या रशियन दैनिकाच्या संपादकाला पद सोडावं लागलं. तिथं कॅमेरा अनावर नव्हता, तिथं माहिती दाबली होती, आणि नुकसान तिथंही झालं. म्हणून माझं म्हणणं असं आहे: कारवाईची दृश्यं उशिरा दाखवा, पण माणसांबद्दलची माहिती लगेच आणि खरी द्या. या दोन गोष्टी एकाच पिशवीत घातल्या की सगळी चर्चा बिघडते. वाहिन्या म्हणतात दाखवणं हा हक्क, सरकार म्हणतं गप्प बसा, आणि राधानगरीच्या बाईला पोराचा ठावठिकाणा कुणीच सांगत नाही.

लोकांच्या प्रतिक्रियांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाहिन्यांचा विषय त्याशिवाय पुरा होत नाही. कोल्हापुरात पहिल्या दोन दिवसांत दुःख होतं आणि अभिमानही होता. चौकाचौकांत, तालमींच्या दारात हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्या फोटोंचे डिजिटल बोर्ड लागले. कामटे सोलापूरला पोलीस आयुक्त होते, त्यामुळे आपल्या भागात त्यांचं नाव आधीपासून होतं. मग तुकाराम ओंबळे यांची हकिकत कळली. साताऱ्याच्या केडंबे गावचा माणूस, गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी, आणि कसाबच्या बंदुकीची नळी धरून अंगावर गोळ्या घेतल्या म्हणून कसाब जिवंत सापडला. आमच्याकडे वाचकांची पत्रं आली त्यात ओंबळ्यांवरची सर्वांत जास्त होती.

२९ तारखेच्या सकाळी ताज मोकळं झालं आणि दुःखाची जागा रागानं घेतली. मृतांचा अधिकृत आकडा पुढे १६६ ठरला. राज्याचे गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील यांच्या तोंडून, मोठ्या शहरांत असे छोटे प्रकार होत असतात, अशा अर्थाचं हिंदी वाक्य निघालं. आबा तासगावचे, म्हणजे आमच्या शेजारचे. ग्रामस्वच्छता अभियानामुळे, साध्या राहणीमुळे इथं त्यांच्याबद्दल खरं प्रेम होतं. त्यामुळे कोल्हापुरातली प्रतिक्रिया मुंबईसारखी एकसुरी नव्हती. चहाच्या टपरीवर दोन तट पडलेले मी ऐकलेत. एक म्हणायचा, "आबांनी असं बोलायला नको हुतं, माणसं मेल्यात." दुसरा म्हणायचा, "हिंदीत गडबडलं ओ, मन वाईट न्हाई त्यांचं." वाहिन्यांनी तेवढंच वाक्य दिवसभर फिरवलं. हल्लेखोर पाच हजारांना मारायच्या इराद्यानं आले होते, आपण हानी कमी ठेवली, हे त्याच ओघातलं पुढचं बोलणं गाळलं गेलं. ते ऐकूनही वाक्य वाईटच ठरतं, असं माझं मत आहे. पण लोकांना पूर्ण ऐकवून मग ठरवू द्यायला हवं होतं. १ डिसेंबरला आबांनी राजीनामा दिला. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील आदल्याच दिवशी गेले होते. विलासराव देशमुख अभिनेता मुलगा आणि चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा यांना बरोबर घेऊन ताजची पाहणी करायला गेले, त्यावर गदारोळ उठला आणि त्यांनाही मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. तो राग मला आजही रास्त वाटतो.

३ डिसेंबरला गेट वेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले. ते दुःख खोटं नव्हतं. पण त्याच आठवड्यात आजऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं होतं. त्यांनी विचारलं होतं की व्हीटीच्या फलाटावर मेलेल्यांसाठी किती कॅमेरे गेले. ते पत्र आम्ही चौकटीत छापलं. त्याला जेवढी उत्तरं आली तेवढी मी कुठल्याच पत्राला आलेली बघितली नाहीत.

पुढे काय बदललं? वाहिन्यांच्या संघटनेनं डिसेंबर २००८मध्येच स्वतःसाठी आचारसंहिता केली. मार्च २०१५मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली: दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळानं जी माहिती देईल तेवढीच द्यायची. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर केंद्रानं पुन्हा सूचना काढली, त्यात २६/११ आणि कंदहार विमान अपहरणाची आठवण करून दिली आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही तेच सांगितलं. नियम चांगला आहे. पण तो नेमलेल्या अधिकाऱ्यावर उभा आहे. तो अधिकारी चार-चार तास काहीच बोलला नाही, किंवा बेसलानसारखा खोटा आकडा सांगून गेला, तर लोक व्हॉट्सअॅपवर जे येईल ते खरं मानणार. मृतांची आणि जखमींची यादी किती वेळात, कुठं जाहीर करायची, याबद्दल या नियमात एक शब्दही नाही. माझी मागणी तिथं आहे. शिवाय आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तुमच्या गल्लीत पोलिसांनी इमारतीला वेढा घातला आणि तुम्ही गच्चीवरून चित्रण करत असाल तर ते खुशाल करा, पुरावा म्हणून उपयोगी पडेल. फक्त कारवाई संपल्याचं पोलीस सांगेपर्यंत ते कुणालाही पाठवू नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा.