हातात दोन ऑफर, पण सही कुठे करू?

प्रश्न: आमच्या टीममधले अर्धे लोक नोकरकपातीत गेलेत, पुढचा नंबर माझाच असं वाटतंय. दोन ऑफर आहेत, एकीत पगार जास्त पण १ वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, दुसरी पर्मनंट पण पगार कमी आणि ती अजून फोनवरच सांगितलीये. काय करू?

उत्तर: अहो, फोनवरची ऑफर ही ऑफरच नव्हे, आधी लेखी मागवा आणि तोवर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या. कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडे सरळ ४-५ दिवस मागा, आजच सही करा म्हणून मागे लागले तर मला तरी शंका येते. मग दोन्ही लेटर शेजारी ठेवून फिक्स्ड (दरमहा ठरलेला पगार) किती आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, कमी-जास्त होणारा भाग) किती ते बघा, कारण व्हेरिएबल कापलं की तो जास्तीचा पगार कुठल्या कुठे जातो, शिवाय कॉन्ट्रॅक्टमध्ये भरपगारी रजा, विमा बरेचदा नसतो, तेही वजा करा. जॉइनिंग बोनस असेल तर बारीक अक्षरं वाचाच, लवकर सोडलं तर बरेच जण परत मागतात. आणि पर्मनंट म्हणजे काही अमरपट्टा नाही हं, प्रोबेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या काळात, नोटीस किती दिवसांची ते विचारा, जागा रिकामी का झाली तेही. ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर कॉन्ट्रॅक्ट घ्या, नसेल तर मी पर्मनंटच घेतली असती.